खोट्या हाकेचा चहा

लातूरच्या चौकात फोटो लागायचा तर माणूस एकतर पुढारी पाहिजे, नाहीतर वारलेला, नाहीतर मेडिकलला लागलेला. मी यांतली कुणीच नव्हते, तरी माझा लागला. चांगला लांबरुंद फ्लेक्स. त्यावर मी हात बांधून, पांढरा कोट घालून उभी. कोट माझा नव्हता. फोटो पीएचडीच्या पदवीदानाचा होता. त्यातला गाऊन काढून फ्लेक्सवाल्याने मला कोट चढवला होता, आणि हात लागलाच आहे तर म्हणून गळ्यात स्टेथोस्कोपही अडकवला होता. खाली तांबड्या अक्षरांत: 'स्नायूंच्या असाध्य आजारावर संशोधन यशस्वी! आमच्या क्लासची माजी विद्यार्थिनी.' आणि कोपऱ्यात क्लासच्या मालक-सरांचा फोटो, माझ्यापेक्षा थोडा मोठा.

तो फ्लेक्स मी पहिल्यांदा पाहिला तो एसटीच्या खिडकीतून. नांदेडहून शनिवारी घरी निघाले होते. माझ्या पर्समध्ये तेव्हा हैदराबादहून आणलेला एक कागद होता, आणि त्या कागदाच्या म्हणण्याप्रमाणे माझं संशोधन म्हणजे मीठ होतं.

मीठ म्हणजे अक्षरशः मीठ. क्षार. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी मी नांदेडला काय करत होते ते सांगायला हवं. मी तिथे विद्यापीठात पोस्टडॉक होते. पोस्टडॉक म्हणजे काय, हे आईला मी चार वेळा समजावलं. पाचव्या वेळी तीच म्हणाली, "म्हंजी शिक्षण संपलं, नोकरी लागली न्हाई, मधी हाय." याहून नेमकी व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही.

काम होतं माणसाच्या शरीरातल्या एका प्रोटीनवर. ते बिघडलं की ऐन पंचविशी-तिशीत पायाचे स्नायू सुकू लागतात. आधी पाऊल नीट उचलत नाही, चप्पल पायातून निसटते. मग जिना अवघड होतो, मग सपाट रस्ताही. औषध नाही. ते प्रोटीन नक्की कोणत्या घडीत बिघडतं हे डोळ्यांना दिसलं, तर पुढे कुणीतरी कधीतरी त्यावर औषधाचा विचार करू शकेल. त्या 'कुणीतरी कधीतरी'च्या आधीची एक पायरी, एवढंच माझं काम. आता प्रोटीन काही दिसत नाही. त्याचा स्फटिक करावा लागतो, त्या स्फटिकावर क्ष-किरण टाकावे लागतात, आणि पडद्यावर जे ठिपके उमटतात त्यावरून हिशेबाने आकार काढावा लागतो. सगळं गाडं अडतं ते स्फटिकापाशी. प्रोटीनचा टिकलीएवढा थेंब काचेवर घ्यायचा, त्यात क्षारांचं पाणी मिसळायचं, काच उलटी करून एका छोट्या वाटीवर ग्रीसने चिकटवायची आणि थेंब तसाच लोंबकळत ठेवायचा. मग वाट पाहायची. हलवायचं नाही. खोलीचं तापमान बदलू द्यायचं नाही, आणि नांदेडमध्ये ते म्हणजे विजेच्या हातापाया पडण्यासारखं होतं. शक्यतो सारखं उघडून बघायचंही नाही.

हे शेवटचं मला जमत नव्हतं. मी लातूरची. आमच्याकडे दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी सकाळी बोर्डावर नंबर. दोन वर्षं अशी काढलेल्या माणसाला आठवडाभर निकालाशिवाय बसवत नाही, अंगाला खाज सुटते. मी रोज सकाळी थेंब बघायचे. वहीत लिहायचे: स्वच्छ, स्वच्छ, गढूळ, स्वच्छ. सर म्हणजे आमचे मार्गदर्शक, देगलूरकडचे, कमी बोलणारे. ते एकदा वही चाळून म्हणाले, "अंडी उबवायला बसवून रोज फोडून बघतेस तू."

दीड वर्ष असं गेलं. फेलोशिप दिवाळीला संपत होती आणि स्फटिकाचा पत्ता नव्हता. पुढे काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. क्लासच्या मालक-सरांनी दोनदा विचारणा केली होती, जीवशास्त्र शिकवायला ये म्हणून. ज्या हॉलमधून मी मेडिकल थोडक्यात हुकल्यावर मान खाली घालून बाहेर पडले होते, त्याच हॉलमध्ये फळ्यासमोर उभं राहायचं. 'डॉक्टर मॅडम' म्हणून. आमच्या गल्लीत माझ्या पीएचडीवर एक प्रश्न कायमचा ठरलेला होता: "डॉक्टर, म्हंजी इंजेक्शन देणारी का न देणारी?" मी हसायचे. त्या हसण्याचा मला मनस्वी कंटाळा आला होता. लातूरला परत जायचं नव्हतं आणि नांदेडला राहता येत नव्हतं. लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्यावरचे सगळे खड्डे पाठ होईपर्यंत दर शनिवारी मी या दोन गावांमध्ये हेलपाटे घालत होते आणि दोन्हीकडे अडकलेली होते.

अशात एका सकाळी थेंबात काहीतरी चमकलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर खडीसाखरेच्या कणासारखा एकच खडा. कडा धारदार, बाजू सरळ. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

सरांचा नियम होता, स्फटिक दिसला की आधी सुईने टोचून बघायचा. प्रोटीनचा स्फटिक मऊ असतो, टोचला की भुसभुशीत होऊन विरतो. मिठाचा कडक असतो, टचकन तुटतो. म्हणजे खरा की खोटा हे कळायचं तर तो तुटलाच पाहिजे. दहा असते तर एक तोडला असता. माझ्याकडे एकच होता, दीड वर्षातला. निळा रंग टाकून बघायचाही एक मार्ग होता, प्रोटीन तो शोषून निळं होतं, मीठ होत नाही; शीतकपाटात बाटली समोरच होती. मी कपाट उघडलं, बाटलीकडे पाहिलं आणि बंद केलं. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला.

या फोनची मला आजही लाज वाटते. सरांना सांगायच्या आधी, सुई लावायच्या आधी, मी आईला ओरडून सांगितलं, "आई, झालं! सापडलं!"

आई लातुरात मुलींची मेस चालवते. क्लाससाठी उदगीर, मुखेड, निलंगा, कुठून कुठून आलेल्या पोरी दोन वेळा आमच्या पत्र्याखाली जेवतात. आईने त्यांना सांगितलं, पोरींनी क्लासमध्ये सांगितलं, आणि 'सापडलं'चं 'औषध सापडलं' कुठल्या बाकावर झालं ते देवाला ठाऊक. लातुरात निकालाला वेळ लागत नाही. मी सरांची बोलणी खाऊन स्फटिक घेऊन हैदराबादला गेले, यंत्रावर चढवला, पडद्यावर दाट ठिपक्यांऐवजी लांब लांब चारदोन ठिपके उमटले, तिथल्या तंत्रज्ञाने माझ्याकडे न बघता "सॉल्ट" म्हणून कागद काढून दिला. एवढ्या अवधीत चौकातला फ्लेक्स लागूनही गेला होता. एका बाटलीत फॉस्फेट होतं, दुसऱ्या बाटलीत कॅल्शियम. दोन्ही एकत्र आले की खडा होतो हे बारावीच्या पोरीलाही सांगता येईल. मलाही येत होतं. पण बघायचं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी घरी पोचले ती असा कागद घेऊन.

आमचं घर गल्लीत ओळखू येतं, कारण ते एकटंच बैठं आहे. आजूबाजूच्या सगळ्यांनी क्लासच्या पोरांसाठी तीन-तीन मजले चढवले. बाबांनी चढवला नाही. घरावर साधा स्लॅबसुद्धा टाकू दिला नाही, पत्रेच ठेवले. कुणी छेडलं तर म्हणायचे, "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय. स्लॅब पडला तर टेंगूळ बघायला माणूस ऱ्हात न्हाई."

त्र्याण्णवच्या भूकंपाआधी बाबा निलंग्याच्या बाजूला एका खेड्यात मास्तर होते. मी तिसरीत होते. त्या साली जमिनीतून अधूनमधून आवाज यायचे, भांडी वाजायची. एकदा बाबांनी ओरडून सगळी आळी घराबाहेर काढली, आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पारावर लोकांनी विचारलं, "मास्तर, म्हैस रेकली का वो?" महिनाभर ते हसणं चाललं. मग ती पहाट आली. बाबा, आई आणि मी अंगणात होतो, बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, आत झोपली होती. आवाज आला तेव्हा बाबा जागे होते. ते बाजेवर उठून बसले. आणि ओरडावं की न ओरडावं याचा विचार करत बसले. किती वेळ, असं मी मोठेपणी एकदा विचारलं. "एक श्वास," ते म्हणाले. भिंत दगडमातीची होती. आत्याचं लग्न ठरलेलं होतं.

लातूरला आल्यावर बाबांनी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात पितळेचे तीन पेले उलटे एकावर एक रचून ठेवले. जमीन हलली की ते पडणार. पेले वाजले की ज्याला आधी ऐकू येईल त्याने जीव खाऊन ओरडायचं आणि सगळ्यांनी अंगणात यायचं. बहुतेक वेळा मांजर असायचं. नाहीतर मिक्सर, नाहीतर गल्लीतून गेलेला मुरमाचा ट्रक. पण हसायचं नाही, हा घरचा कायदा. आई लगेच गॅसवर चहा टाकायची आणि पहिला कप ओरडणाऱ्याला मिळायचा. मेसमध्ये नव्या आलेल्या पोरी पहिल्या वेळी हसायच्या. आई नुसती बघायची, की त्या गप्प. वर्ष संपेस्तोवर त्याही पेले वाजले की ताट सोडून ओरडायला शिकायच्या.

त्या संध्याकाळी मी दारात चपला काढल्या आणि आता सांगून टाकू, असं ठरवलं. आईने पुरण घातलं होतं. पोरी ताटांवरून माझ्याकडे वळून वळून बघत होत्या. बाबांकडे बघत आई हळूच म्हणाली, "दिवसातून दोनदा चौकात जायलेत. कोथिंबीर आणायला." स्वयंपाकघरात खरंच कोथिंबिरीच्या जुड्यांचा ढीग पडला होता. मी पुरणपोळी खाल्ली. दुसरीही घेतली. कागद पर्समध्येच राहिला.

रविवारी दुपारी, मेसची पंगत उठायच्या सुमारास, एक बाई घर विचारत आली. असेल माझ्याच वयाची. शिरूर अनंतपाळकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. हातात प्लास्टिकची फाईल, पायात पुरुषी धाटणीची सँडल, तिला मागून जादा पट्टा शिवून घेतलेला. आमच्या दाराला एकच पायरी आहे. ती चढताना तिने उजवा पाय गुडघ्यातून उंच उचलला आणि मग पाऊल टाकलं. मला फाईल बघायची गरजच उरली नाही. दीड वर्ष मी ज्या आजारावर काम करत होते, तो आजार असलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मॅडम, चौकातला फोटो बघून आले," ती म्हणाली. "लई शोधलं घर."

तिने सगळं नीट सांगितलं, वर्गात सांगावं तसं. शाळा चढावर, थांब्यापासून बरीच आत. वर्ग वरच्या मजल्यावर. आता पायऱ्या होत नव्हत्या. सोयीच्या गावी बदली मिळू शकत होती, त्यासाठी सरकारी दवाखान्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र अर्जाला जोडायचं. प्रमाणपत्र काढून झालं होतं, फाईलमध्ये होतं. अर्जाची शेवटची तारीख उद्याची.

"पण घरचे म्हणतेत, औषध निघायलंय तर कशाला अपंगाचा शिक्का लावून घेतीस? एकदा लागला की लागला. लहान बहिणीचं बघणं चालू हाय माझ्या. लोक विचारतेत, रक्तातलं हाय का म्हणून." तिने फाईल पुढे धरली. "म्हणून तुम्हालाच विचारावं म्हणलं. किती दिवसात येईल औषध? वर्ष?"

माझ्या डोळ्यांपुढे आईचा चेहरा होता. ती पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होती, अभिमानाने. बाबा आतल्या खोलीच्या दारात होते. पंगतीतल्या दोन पोरी हात धुता धुता रेंगाळल्या होत्या.

"अजून थोडी वाट पाहावी लागेल," मी म्हणाले.

या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. मी नंतर ते पुष्कळदा तपासून पाहिलं आहे.

तिचा चेहरा सैल झाला. "थोडी ना? मग बघते मी. एवढी काढली, अजून थोडी." तिने फाईलमधला अर्ज वर काढून पाहिला आणि परत सरकवला. आई जेवायचा आग्रह करत होती, पण तिला शिरूरची गाडी गाठायची होती. पायरी उतरताना तिने माझ्या हाताचा आधार घेतला. मग ती गल्लीतून कोपऱ्याकडे निघाली, जिथे ऑटो मिळतात. पाय उंच उचलून टाकत, पण घाईने.

मी दारात उभी राहिले. इतकं कोंडल्यासारखं मला नांदेडच्या प्रयोगशाळेतल्या बंद शीतखोलीतही कधी झालं नव्हतं. मागे आई, पुढे ती, चौकात तो स्टेथोस्कोपवाला फोटो, आणि मी मध्ये. गप्प राहिलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. फ्लेक्स महिन्याभरात उन्हाने फाटला असता. मला माहीत होतं की ओरडायला हवं. आणि मी विचार करत होते, पोरी काय म्हणतील, मालक-सर काय म्हणतील, बाबा उद्या कोथिंबिरीला कुठे जातील.

आणि एकदम लक्षात आलं की मी बाजेवर बसलेली आहे.

मी अनवाणी पळाले. "बाई! ओ बाई! थांबा!" ती ऑटोत एक पाय ठेवून बसायच्या बेतात होती. तेवढ्यात ऑटोवाल्याने गाडी सुरू केली, आणि मी गल्लीच्या मधोमध उभी राहून, असेल नसेल तेवढा दम लावून ओरडले, "मीठ हाय ते! औषध न्हाई! मीठ निघालं!"

वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. आमच्या घरातल्या हाकांची गल्लीला सवय होती, पण भर रस्त्यात उभं राहून एवढ्या मोठ्याने कुणी ओरडलेलं नव्हतं.

ती वळली. तिला वळायला वेळ लागत होता. मी जवळ जाऊन धापा टाकत सगळं सांगितलं. स्फटिक नव्हता, खडा होता. खरा असता तरी औषध नव्हतंच, औषध फार लांब आहे, माझ्या हयातीत निघेल की नाही मला माहीत नाही. अर्ज उद्याच भरा. प्रमाणपत्र जोडा.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग फोटो कशाला लावला?"

मी लावला नाही, असं म्हणता आलं असतं. "लावू दिला," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो रास्त होता. ती ऑटोकडे वळली. ऑटोवाल्याला म्हणाली, "स्टँडला नको. पंचायत समितीत अर्ज कुठं घेतेत, जवळ झेरॉक्स हाय का, तिकडं घे." रविवार होता, कार्यालय बंद असणार, तिलाही ते माहीत असणार. पण ऑटो निघाला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी परत आले. पायाला खडे टोचत होते. बाबा अंगणात लिंबाच्या झाडापाशी उभे होते. गल्लीने ऐकलं ते त्यांनीही ऐकलंच होतं.

"म्हंजी खोटं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधी कळलं?"

"बुधवारी."

 मला वाटलं आता चिडतील, आणि चिडावं असं मला मनापासून वाटत होतं. आतून भांड्याचा आवाज आला. आई बाहेर आली, तिच्या हातात एकच कप होता. तिने तो कुणाला काही न विचारता माझ्या हातात दिला. पंगतीतल्या पोरी दारात दाटीवाटीने उभ्या होत्या. एकीलाही हसू आलं नाही. मी त्या कपाकडे बघून रडायला लागले, आणि मला आवरता येईना.

"पी," बाबा म्हणाले. "निवतोय."

मी प्यायले. आई आत जाऊन त्यांचा कप घेऊन आली. ते उभ्या उभ्याच प्यायले, सावकाश. मग कप खाली ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला त्या पहाटे एवढंच जमलं न्हाई."

त्यांनी चपला घातल्या, सदऱ्याची बटणं लावली. माळ्यावरच्या हत्यारांच्या डब्यात बराच वेळ काहीतरी शोधलं. आईने खुंटीवरची मोठी पिशवी काढून त्यांच्यापुढे धरली.

"कोथिंबीर आणतो," म्हणाले, आणि चौकाकडे निघाले. पक्कड त्यांच्या हातातच होती.